विझलेल्या ज्वालामुखीवरचे पाणी

नागपूरच्या काटोल रोडला गिट्टीखदान नावाची वस्ती आहे. रस्ते आणि इमारतींसाठी लागणारी काळी गिट्टी जिथून काढली जायची, त्या खदानीवरून हे नाव पडले. जवळच सेमिनरी हिल्सची टेकडी आहे. रोज सकाळी शेकडो नागपूरकर तिथे फिरायला जातात. चढावर त्यांच्या बुटाखाली येणारा काळा, कुठे गोल गोटा तर कुठे कांद्यासारखा पापुद्रे सुटणारा दगड हा थंड झालेला लाव्हा आहे. सीताबर्डीचा किल्ला उभा आहे तो याच दगडाच्या टेकडीवर. गोरेवाडा आणि अंबाझरीच्या परिसरातही तोच दगड सापडतो.

विदर्भात ज्वालामुखी कुठे आहे, असे कुणी विचारले तर बोट दाखवायला शंकूच्या आकाराचा डोंगर सापडणार नाही. उत्तर त्याहून सोपे आहे. पश्चिम नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा हा बहुतेक सारा प्रदेश एका विझलेल्या ज्वालामुखीच्या पाठीवर वसलेला आहे. तो विझून साडेसहा कोटी वर्षे झाली. तरीही मेळघाटातल्या एखाद्या गावाची विहीर मे महिन्यात कोरडी पडेल की नाही, वाघ कुठे पाणी प्यायला येईल आणि संत्र्याच्या बागेला किती खोल बोअर मारावी लागेल, हे आजही बऱ्याच अंशी त्या ज्वालामुखीने रचून ठेवलेले थर ठरवतात.

तोंड नसलेला ज्वालामुखी

ज्वालामुखी म्हटले की जपानचा फुजी किंवा इटलीचा व्हेसुव्हियस डोळ्यांसमोर येतो. दख्खनचा प्रकार वेगळा होता. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून सुमारे अकराशे ते बाराशे अंश सेल्सियस तापमानाचा पातळ लाव्हा उसळून पसरत गेला. एक लोट थिजायचा, त्यावर काही काळाने दुसरा यायचा. असे थरावर थर साचत गेले. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत आहे. पूर्वेकडे ती कमी होत जाते आणि नागपुरात संपते. शहराच्या पश्चिम भागाखाली लाव्हाचा काळा बेसाल्ट आहे, तर पूर्व भागाखाली त्याहून कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाईस खडक आहे. दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड या शहरातून जाते.

आज हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दिसतो. त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीसाठीच्या शब्दावरून आला. सह्याद्रीच्या किंवा सातपुड्याच्या कड्याकडे पाहिले की हे नाव का पडले ते लगेच कळते. एक उभा कडा, मग झाडी असलेला उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. कठीण थर कड्यासारखे उभे राहतात आणि मऊ थर झिजून उतार होतात. काही लाव्हालोट इतके दूर वाहत गेले की आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या बेसाल्टचे रासायनिक गुण पश्चिम घाटातल्या थरांशी जुळतात.

बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांहून कमी काळात बाहेर पडला. भूशास्त्राच्या हिशोबात हा काळ फार थोडा. याच सुमारास पृथ्वीवरचे डायनासोर नाहीसे झाले. मेक्सिकोतल्या चिक्शुलुब इथे कोसळलेली प्रचंड अशनी हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. दख्खनमधून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाच्या वायूंनी हवामान किती बिघडवले, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. विदर्भात मात्र लाव्हाच्या खालच्या गाळात डायनासोरच्या हाडांचे पुरावे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव इथे १९८० च्या दशकात एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा खणून काढण्यात आला. आज त्याचे शास्त्रीय नाव ‘इसिसॉरस’ आहे.

हा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का, हा प्रश्न साहजिक आहे. त्या काळी भारताचा भूखंड ज्या तप्त जागेवरून सरकत होता, ती जागा आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ‘पितों द ला फुर्नेझ’ हा ज्वालामुखी आजही वारंवार उफाळतो. भारत तिथून हजारो किलोमीटर उत्तरेला सरकला आहे. दख्खनची चूल कायमची विझली आहे.

अनेकांना लोणारचे सरोवर हेच या ज्वालामुखीचे मुख वाटते. एके काळी अभ्यासकांचाही तसा समज होता. १९७० च्या दशकातल्या संशोधनाने तो दूर केला. लोणारचा सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा अशनीच्या आघाताने पडला आहे. लाव्हा थंड झाल्यावर कोट्यवधी वर्षांनी ही अशनी त्याच बेसाल्टवर आदळली.

टाकळीचे शंख

लाव्हाचे लोट सलग आले नाहीत. दोन लोटांच्या मधे कधी कधी हजारो वर्षांची विश्रांती असे. तेवढ्या काळात थिजलेल्या लाव्हावर माती तयार व्हायची, खळग्यांत तळी साचायची, त्यांत शंख-शिंपले, मासे आणि पाणवनस्पती वाढायच्या. मग नवा लोट येऊन सारे झाकून टाकायचा. दोन लाव्हांमध्ये दबलेल्या या पातळ गाळथरांना अंतर्ट्रॅपी थर म्हणतात, आणि त्यांच्या अभ्यासात नागपूरला मोठे स्थान आहे.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. पुढे रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांनी शाळा चालवता चालवता आजूबाजूच्या टेकड्या पायी पालथ्या घातल्या. सीताबर्डीच्या टेकडीत आणि शहराच्या वायव्येकडील टाकळीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख, माशांचे अवशेष, फळे-बिया आणि कीटकांच्या पंखांचे ठसे सापडले. नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा त्यांचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ज्वालामुखीच्या धामधुमीतही अधूनमधून निवांत तळी होती आणि त्यांत जीव नांदत होते, हे या शंखांनी दाखवले. आज या परिसरात दाट वस्ती आहे. पाया खणताना किंवा विहीर उकरताना निघणारा पांढुरका, शंखांनी भरलेला दगड बहुधा मुरुमाबरोबर भरावात जातो.

हिस्लॉप यांची नजर दगडापुरती नव्हती. मध्य भारतातल्या आदिवासी समूहांची माहिती आणि त्यांच्या भाषांतले शब्द ते टिपून ठेवत. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत सातपुड्यात राहणाऱ्या कोरकूंचीही नोंद आहे. नागपुरात पातळ असलेला हा काळा दगड जिथे डोंगर होऊन उभा राहतो, तिथेच कोरकूंची वस्ती आहे.

गाविलगडच्या पायऱ्या

नागपूरहून अमरावती आणि परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला जाताना सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. वाटेत दोन्ही बाजूंना कापसाची काळी शेते आहेत. ही मातीही लाव्हाचीच आहे. बेसाल्ट कुजून-झिजून तिची चिकणमाती झाली. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून हात-हातभर खोल भेगा पाडते. ओल धरून ठेवायचा तिचा गुण मोठा, म्हणून कोरडवाहू कापूस तिच्यावर तग धरतो.

परतवाडा मागे पडले की समोर एकदम भिंत उभी राहते. ती गाविलगडची रांग. डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी जमिनीत एक मोठा भ्रंश आहे. त्याच्या उत्तरेची बाजू उंच राहिली आणि दक्षिणेकडे पूर्णेचे खोरे खचले. त्यामुळे मैदानावरून पाहताना लाव्हाचे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. घाटरस्त्याने चढताना एकेक पायरी ओलांडत गाडी सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला पोचते. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, अशी लोककथा आहे. विदर्भात कॉफीची लागवड झालेली हीच एक जागा. वैराटचे टोक याहूनही उंच आहे.

गाविलगडचा किल्ला लाव्हाच्या पायऱ्यांचा उपयोग करूनच उभारला आहे. तीन बाजूंना उभे कडे आणि उत्तरेकडे डोंगराशी जोडणारी चिंचोळी जमीन. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशाह वली याने तो बांधला, असे सांगितले जाते. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्याने नागपूरकर भोसल्यांकडून तो जिंकला. त्यासाठी इंग्रजांना तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला न्याव्या लागल्या. किल्ल्यात फिरताना तोफा आणि दरवाजांइतकेच तलावांकडेही पाहायला हवे. एवढ्या पावसाच्या डोंगरावर शिबंदीला तलाव बांधून पाणी साठवावे लागत होते. गडाच्या बांधकामातच या दगडाचा स्वभाव नोंदलेला आहे.

पाऊस भरपूर, पाणी कमी

चिखलदऱ्याला वर्षाला सरासरी दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नागपूरपेक्षा तो बराच जास्त आहे. तरी याच तालुक्यातल्या काही गावांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. पाऊस जास्त आणि पाणी कमी, या कोड्याचे उत्तर लाव्हाच्या थरांत आहे.

प्रत्येक लाव्हालोटाचे साधारण दोन भाग असतात. खालचा भाग हळूहळू थंड होतो आणि घट्ट, अखंड दगड बनतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात, त्यामुळे तो सच्छिद्र दिसतो. पण ही छिद्रे बहुधा एकमेकांना जोडलेली नसतात आणि अनेकदा पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेली असतात. दोन लोटांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा भाजलेला थर असतो. त्यातून पाणी सहज खाली उतरत नाही. वाळूच्या थरात दोन कणांमधली जागा पाण्याने भरते. बेसाल्टमध्ये तशी जागा फार थोडी. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरुमात आणि दगडाला पडलेल्या भेगांत. म्हणूनच एका शेतातल्या विहिरीला पाणी लागते आणि शंभर पावलांवरची बोअर कोरडी जाते.

सपाट मैदानावर मुरुमाचा थर जाड असतो. डोंगरउतारावर पावसाने तो धुऊन नेलेला असतो. चार महिन्यांचा पाऊस उतारावरून वाहतो आणि सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्यांतून तापीला मिळतो. थोडे पाणी भेगांत मुरते आणि कडा जिथे संपतो, तिथे झरा होऊन बाहेर येते. दिवाळीपर्यंत हे झरे खळाळतात. होळीनंतर एकेक आटू लागतो. मे महिन्यात नदीपात्रात उरतात ते घट्ट दगडाच्या कुशीतले डोह. तेवढ्या डोहांवर गाव, गुरे आणि रानातली जनावरे यांना पावसाळ्यापर्यंत दिवस काढायचे असतात.

कोरकूंचा ‘डा’

कोरकू भाषेत पाण्याला ‘डा’ म्हणतात. संथाळी आणि मुंडारी या झारखंडकडच्या भाषांतही पाण्याचा शब्द याच मुळाचा आहे. आजूबाजूला मराठी, हिंदी आणि गोंडी बोलली जात असताना कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, आणि या कुळाचे सर्वांत पश्चिमेकडचे टोक म्हणजे मेळघाट आणि त्याला लागून असलेला मध्य प्रदेशाचा पट्टा. कोरकू या नावाचा अर्थच ‘माणसे’ असा होतो. या डोंगरात त्यांच्यासोबत गवळी, गोंड, निहाल हे समाजही राहतात. गवळ्यांची जनावरे पठारांवरच्या गवतावर वाढली.

कोरकू गाव बहुधा एका सरळ रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर वसलेले असते. मृतांच्या स्मरणार्थ ते सागाच्या लाकडावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरून खांब उभे करतात. शेती मुख्यतः पावसावरची आहे. उतारावरच्या उथळ, गोटेरी जमिनीत पूर्वी कोदो, कुटकी, सावा पिकायचे. थोड्या ओलीवर येणारी ही धान्ये या दगडाला सोयीची होती. पुढे मका, सोयाबीन वाढले. खरिपाचे एक पीक निघाले की ओल संपते आणि कामासाठी कुटुंबे डोंगर उतरून मैदानात जातात. मुलांचे लसीकरण, पोषण आहार आणि शाळा या गोष्टी या ये-जा मध्ये तुटतात.

१९९० च्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंकडे देशाचे लक्ष गेले. त्यामागे गरिबी, लवकर होणारी लग्ने, आरोग्यसेवेची कमतरता अशी अनेक कारणे आहेत, आणि त्यांचा दोष दगडावर टाकता येणार नाही. पण दगडाने प्रत्येक अडचण थोडी वाढवली आहे. दऱ्यांमुळे दवाखाना लांब पडतो. उन्हाळ्यात पाण्याची खेप बहुधा बायका आणि मुलींच्या वाट्याला येते. पावसाळ्याच्या तोंडावर आटलेल्या डोहाचे किंवा झिऱ्याचे गढूळ पाणी प्यावे लागले की हगवणीचे रोग येतात, आणि आधीच कमी वजनाच्या मुलाला ते झेपत नाहीत. बैरागडला १९८० च्या दशकापासून राहून रुग्णसेवा करणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी औषधांबरोबर शेतीच्या प्रश्नातही हात घातला, तो याच कारणाने. या दांपत्याला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

डोंगरउतारावर समतल चर खणणे, नाल्यांवर लहान बांध घालणे, झऱ्याच्या वरच्या बाजूची झाडे राखणे हे उपाय नवे नाहीत. बेसाल्टच्या बाबतीत त्यांचे महत्त्व अधिक आहे, कारण इथे पाणी धरून ठेवणारी मुख्य जागा म्हणजे वरचा कुजलेला दगड आणि माती. ती वाहून गेली की खालच्या दगडात साठा करायला फारशी जागाच उरत नाही.

पाणवठ्यावरची रात्र

२२ फेब्रुवारी १९७४ रोजी मेळघाट हा व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. आज त्याचा विस्तार सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. साग, धावडा, सालई, तिवस यांचे हे पानझडी जंगल. वाघ, बिबट, रानगवा, सांबर, अस्वल आणि रानकुत्री इथे आहेत. जंगल दाट आणि चढउतारांचे असल्याने ताडोब्यासारखा वाघ सहज दिसत नाही.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री इथल्या पाणवठ्यांजवळ मचाणे बांधून प्राण्यांची नोंद घेण्याची पद्धत आहे. त्यामागचा हिशोब दगडाचाच आहे. वैशाखात मोजकेच डोह शिल्लक असतात, त्यामुळे रानातले बहुतेक प्राणी रात्रीतून एकदा तरी तिथे येतात. कॅमेरा ट्रॅपच्या काळात वाघांची शास्त्रीय गणना वेगळ्या पद्धतीने होते, तरी चांदण्यात पाणवठ्यावर बसलेल्या माणसाला जंगलातली पाण्याची किंमत एका रात्रीत कळते. उन्हाळ्यासाठी वनविभाग सौरपंपावर चालणारे कृत्रिम पाणवठेही भरतो.

मेळघाटाचा आणखी एक रहिवासी म्हणजे रानपिंगळा. या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये झाले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही आणि तो नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. मधल्या काळात १९१४ चा म्हणून सांगितलेला एक नमुना चोरीचा आणि खोट्या नोंदीचा निघाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खानदेशात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. त्यानंतर मेळघाटातही तो आढळला आणि आज हे जंगल त्याच्या मोजक्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. हा पिंगळा दिवसाही शिकार करतो. विरळ झाडीचे सागाचे जंगल त्याला लागते, आणि सातपुड्यातल्या लाव्हाच्या उतारांवर ते आहे.

वाघासाठी गावे हलवण्याचा प्रश्न याच डोंगरात आहे. बोरी, कोहा, कुंड या गावांपासून पुनर्वसन सुरू झाले आणि नंतर वैराट, पस्तलाईसारखी गावे उठली. जिथे गावे होती, तिथल्या मोकळ्या गवतावर आता सांबर आणि गवे चरताना दिसतात. डोंगरातले गाव नेमके तिथेच वसलेले असते जिथे थोडी सपाट जमीन आणि खात्रीचे पाणी असते. जनावरांनाही तीच जागा हवी असते. पुनर्वसनाच्या जागी जमीन, पाणी आणि रोजगार मिळाला नाही अशी तक्रार करत काही कुटुंबे जुन्या गावी परतल्याच्या आणि त्यातून संघर्ष झाल्याच्या घटनाही घडल्या आहेत. नव्या जागेची निवड करताना तिथल्या विहिरीला मे महिन्यात पाणी असते का, हा प्रश्न म्हणूनच पैशांच्या पॅकेजइतका मोठा ठरतो.

पायथ्याशी गोड, पुढे खारे

डोंगरावरून वाहून आलेले पाणी पायथ्याशी काय करते, तेही पाहण्याजोगे आहे. कडा संपतो तिथे नद्यांनी आणलेल्या गोट्यांचा आणि जाड्याभरड्या वाळूचा पट्टा आहे. त्यात पाणी झपाट्याने मुरते. अचलपूर, अंजनगाव, मोर्शी, वरुड भागातल्या संत्र्याच्या बागा सातपुड्याच्या या पायथ्याच्या पाण्यावर वाढल्या. बागा वाढल्या तसा उपसाही वाढला. वरुड-मोर्शी भागात भूजल इतके खाली गेले की बोअर शेकडो फूट खोल न्याव्या लागू लागल्या. जे पाणी मुरायला अनेक पावसाळे लागले, ते थोड्या वर्षांत संपू शकते.

आणखी दक्षिणेला, पूर्णेच्या खचलेल्या खोऱ्यात, शेकडो मीटर जाडीचा गाळ साचला आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांचा हा खारपाणपट्टा. इथे जमिनीखाली पाणी आहे, पण त्यात क्षार इतके की ते पिता येत नाही आणि पिकालाही मानवत नाही. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार या गावांतून अनेक वर्षे होत आली आहे. क्षारांचे पाणी, उन्हात काम करताना कमी पाणी पिणे, मधुमेह आणि उच्च रक्तदाब अशी कारणे त्यात गुंतलेली असू शकतात. म्हणून या पट्ट्यात राहणाऱ्यांनी पिण्यासाठी नळयोजनेचे पाणी वापरावे आणि रक्तदाब, साखर व क्रिएटिनिन यांची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी, हे बरे. एकाच डोंगराखाली पन्नासेक किलोमीटरच्या अंतरात पाण्याची तीन रूपे दिसतात: वर आटणारे, पायथ्याशी गोड आणि मैदानात खारे.

डोंगर चढताना

हा ज्वालामुखी पायी पाहायचा असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. तेव्हा झरे वाहत असतात आणि दगड तापलेला नसतो. गाविलगड आणि अकोला जिल्ह्यातला नरनाळा हे दोन्ही किल्ले व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात आहेत. तिथे वनविभागाच्या नोंदीनुसार, ठरलेल्या वेळेत आणि शक्य तर स्थानिक मार्गदर्शकाला सोबत घेऊन जावे. कोरकू तरुण वाटाड्या असेल तर झाडे, पाऊलखुणा आणि पाण्याच्या जागा यांची जी माहिती मिळते ती फलकांवर नसते.

पावसाळ्यात शेवाळलेला बेसाल्ट फार निसरडा होतो, आणि कड्याच्या टोकाचा कुजलेला दगड पायाखाली सुटतो. सेल्फीसाठी टोकावर जाऊ नये. उन्हाळ्यात काळा दगड तापून उष्णता परत फेकतो. डोके दुखणे, मळमळणे, घाम थांबणे किंवा बोलण्यात असंबद्धता ही उष्माघाताची लक्षणे आहेत. माणसाला लगेच सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. दिवसभराच्या चढाईसाठी माणशी तीन-चार लिटर पाणी आणि जलसंजीवनीची पाकिटे सोबत असावीत. वाटेत झरा मिळेल या भरवशावर निघू नये. डोहात साबण लावून आंघोळ करू नये, कारण उन्हाळ्यात तेच पाणी खाली कुणीतरी पिणार असते.

कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. तिथे धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता माणसाला लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. डोंगरात मुक्काम असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी हवी. परतल्यावर काही दिवसांत ताप आला तर जंगलात जाऊन आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे हिवतापाची तपासणी वेळेत होते.

चिखलदऱ्यापर्यंत जाणे जमले नाही तरी नागपुरात सुरुवात करता येते. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो नागरिकांसाठी खुला होतो. सेमिनरी हिल्सवर तर रोज जाता येते. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी, टेकडीच्या कापलेल्या बाजूकडे पाहावे. वरचा भुसभुशीत मुरूम बरेच दिवस ओलसर असतो आणि त्याखालचा घट्ट काळा दगड कोरडा पडलेला असतो. मेळघाटातल्या गावांची विहीर, वाघाचा डोह आणि वरुडची संत्राबाग त्या वरच्या ओलसर थरावर उभी आहे.